कोथरूडच्या हॉलमधली भरती-ओहोटी: एका खाऱ्या टाकीचं प्रकरण

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून ही टाकी उभी आहे. मुख्य टाकी 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 50 उंच. तिच्या उजव्या कडेला, वरच्या पातळीवर, 40 बाय 60 चं एक उथळ डबकं. त्या डबक्यातलं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. घरगुती रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या टाकीत, असं सहसा कुणी करत नाही. त्याची कारणं सबळ आहेत, ती पुढे येतीलच.

मी आणि माझा भागीदार खाऱ्या पाण्याच्या टाक्या आखून, बांधून देतो. बहुतेक गिऱ्हाइकं आकारापासून सुरुवात करतात: एल आकार हवा, भिंतीत बसवलेली हवी, गोल खांब हवा. आमचा अनुभव असा की आकार शेवटी ठरवला तर टाकी चालते. आधी वजन, मग पाणी कुठून येणार आणि वीज गेली की कुठे जाणार, मग ती बघणार कोण आणि कुठे बसून. या घरात हा क्रम अक्षरशः तसाच घडला, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

मागणी आणि पहिला नकार

घरमालक हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. लहानपणी मुंबईला मामाकडे गेले की मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात एक चक्कर ठरलेली, तेव्हापासूनचं हे वेड. त्यांनी मोबाइलवर दाखवलेले फोटो सगळे एकाच जातीचे होते: निळाशार प्रकाश, अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्याच फांद्या, मधून पिवळ्या-निळ्या माशांचे थवे. त्यांच्या पत्नीच्या दोनच अटी होत्या. आवाज नको, आणि फरशीवर पाणी नको. मालकांच्या आई, म्हणजे आजी, झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

फांद्यांना आम्ही पहिल्याच बैठकीत नाही म्हटलं. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे, तीच ही यादी. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही तिथेच. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, त्यानंतरही ही नावं वरच्याच यादीत राहिली. मालकांकडे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुणा विक्रेत्याचे ‘ताजे पीस आलेत’ असे मेसेज होते. ‘सगळेच ठेवतात हो,’ हे वाक्य आम्ही दर बैठकीत ऐकतो. ठेवत असतील, पण आम्ही बसवलेल्या टाकीत नाही.

मग उरतं काय? बरंच काही. लेदर कोरल आणि मशरूम कोरल हे मऊ जीव त्या यादीत नाहीत. समुद्री शेवाळांचे प्रकार आहेत. क्लाउनफिश तर समुद्रातून धरून आणायची गरजच नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या हॅचरीचं, म्हणजे टाकीतल्या पैदाशीचं, तंत्र केव्हाच बसवलंय आणि टाकीत जन्मलेली पिल्लं बाजारात मिळतात. निळ्या टँग माशालाही नकार द्यावा लागला. तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत असतो. चार फुटांच्या काचेत तो ठेवणं म्हणजे त्याला येरझाऱ्या घालायला लावणं.

वजन

सगळं पाणी धरून साधारण 430 किलो, काच 110 च्या घरात, दगड-वाळू 60, लोखंडी स्टँड 60. सातशेच्या आसपास धरा. हे सगळं एक चौरस मीटरपेक्षाही थोड्या कमी जागेवर. घरांच्या स्लॅबसाठी आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात जो चल भार, म्हणजे माणसं-सामानाचा भार, धरतात तो चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ 200 किलो. हा आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे सातशे म्हटलं की स्लॅब लगेच कोसळला असं होत नाही. पण टाकी कुठेही ठेवून चालत नाही, हे मात्र पक्कं. मालकांच्या मनात ती बाल्कनी आत घेऊन वाढवलेल्या भागात, खिडकीखाली होती. तो भाग कॅन्टिलिव्हर, म्हणजे पुढच्या टोकाला खालून आधार नसलेला. तिथे अर्धी टाकीही आम्ही ठेवली नसती.

स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघून गेले. उत्तरेच्या भिंतीखाली बीम आहे, एका टोकाला कॉलम. टाकीची लांबी बीमच्या बाजूने ठेवा, असं त्यांनी लेखी दिलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते पत्र दाखवल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकांचीही हरकत मावळली. एल आकार इथेच निकालात निघाला, कारण त्याचा दुसरा पाय बीम सोडून नुसत्या स्लॅबवर येत होता.

आजींचा झोपाळा

उत्तरेची भिंत ठरली आणि नवीनच पेच आला. हॉलच्या मधोमध सागवानी झोपाळा, पितळी कड्यांचा. टाकीच्या अंगावर येणाऱ्या झोपाळ्यासमोर मासे कायम दडून बसले असते; वरून झेपावणारी सावली म्हणजे त्यांच्या लेखी बगळाच. नशिबाने झोपाळा पूर्व-पश्चिम हलतो, म्हणजे काचेला समांतर. शिवाय आजी पाय खाली सोडून बसत नाहीत. कडीला पाठ टेकून आडवी मांडी घालतात आणि तोंड उत्तरेला करतात. दिवसाचे सात-आठ तास त्या भिंतीकडे बघणारं माणूस घरात एकच, आणि नेमकं त्यांनाच कुणी विचारलेलं नव्हतं.

मी टेप लावून त्यांच्या डोळ्यांची उंची मोजली. जमिनीपासून 115 सेंटिमीटर. मग त्यांना विचारलं, आजी, तुम्हाला यात काय बघायला आवडेल? त्या मालवणजवळच्या. मोबाइलवरचे व्हिडिओ त्यांनी आधीच पाहिले होते. वेव्हमेकर नावाच्या पंपाने हलणाऱ्या पाण्याकडे बोट करून म्हणाल्या, ‘खडपार पाणी येता नि जाता. ह्येच्यात नुसता ढवळता.’

पुढची सगळी आखणी या एका वाक्यातून आली. पॅसिफिकचं पोस्टकार्ड बाजूला पडलं आणि कोकणातलं खडप कागदावर उतरलं. ओहोटीला उघडी पडणारी डबकी, त्यात शेवाळ, शंख, शंखातले खेकडे. आणि खाली, पाणी कधीच न हटणाऱ्या भागात, मासे.

लाट आणण्याचा एक जुना मार्ग आहे. वायकीकी मत्स्यालयाच्या ब्रूस कार्लसन यांचं सर्ज उपकरण: वरच्या टाकीत पाणी साठतं आणि सायफन लागला की धाडकन खाली येतं. मत्स्यालयात उत्तम. हॉलमध्ये मात्र दर थोड्या वेळाने फ्लश ओढल्यासारखा आवाज, बुडबुडे आणि भिंतीवर खारट तुषार. मालकांच्या पत्नीची पहिली अटच मोडणार होती. म्हणून लाट सोडली आणि भरती धरली. भरती हळू येते, आवाज करत नाही.

फट

डबक्याचं पाणी सावकाश चढवायचं-उतरवायचं कसं? सोपा विचार असा: तळाशी बारीक भोक ठेवायचं, टायमरवर पंप लावायचा. पंप चालू झाला की भरती, बंद झाला की ओहोटी. हिशेब केला तर तासाभरात पाणी उतरवायला भोक चार-पाच मिलिमीटरचं लागत होतं. समुद्राच्या पाण्यात एवढं भोक एखाद्या शेवाळाच्या तंतूनेही तुंबतं.

म्हणून भोकाऐवजी उभी फट केली. डबक्याच्या मुख्य टाकीकडच्या काचेला, तळापासून 6 सेंटिमीटरवर सुरू होऊन 18 पर्यंत जाणारी, 6 मिलिमीटर रुंदीची. फटीतून पाणी सतत मुख्य टाकीत पडत राहतं. आत येणारं पाणी वाढलं की पातळी चढते, कमी झालं की उतरते. पातळी ठरवतो पंपाचा वेग. पूर्ण भरतीला तासाला साधारण 1600 लिटर, अर्ध्या उंचीला साडेपाचशेच्या आसपास. सम्पमध्ये, म्हणजे खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत, वेग बदलता येणारा डीसी पंप, आणि त्याला हुकूम देणारा ईएसपी-32 हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. तो प्रोग्राम मालकांनी स्वतः लिहिला आणि मला वाटतं या सगळ्या प्रकल्पात त्यांना सर्वांत जास्त मजा तिथेच आली. फट अर्धवट तुंबली तर पातळी थोडी वर जाते, इतकंच. पूर्ण तुंबली तरी त्या बाजूची काच बाकी तिन्ही बाजूंपेक्षा 3 सेंटिमीटर कमी उंचीची आहे, त्यामुळे पाणी टाकीतच पडतं, फरशीवर नाही.

टाकीचं स्टँड 60 सेंटिमीटरचं ठेवलं, नेहमीपेक्षा बुटकं. त्यामुळे मुख्य टाकीचं पाणी जमिनीपासून 106 पर्यंत आलं, डबक्याचा तळ 108 वर, आणि भरती-ओहोटीची रेघ 114 ते 126 मध्ये. झोपाळ्यावर बसलेल्या आजींच्या डोळ्यांसमोर ओहोटीची पातळी येते. भरतीला पाणी डोळ्यांच्या वर जातं. बुटक्या स्टँडची किंमत आम्ही मोजली: आत नेहमीचा स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) मावेना, आखूड बॉडीचा शोधावा लागला. डबक्याखालचं कपाट मात्र उंच मिळालं. सगळे प्लग, अडॅप्टर, बोर्ड त्या कोरड्या बाजूला गेले. सम्पच्या कपाटात एकही सॉकेट नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) वेगळी आहे, आणि प्रत्येक वायर आधी खाली झोल घेऊन मग वर जाते, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाही.

पाण्याचा हिशेब

वीज गेली की दोन्ही पंप थांबतात: डबक्याचा आणि सम्पमधून मुख्य टाकीत पाणी परत पाठवणारा रिटर्नचा. मुख्य टाकीच्या पृष्ठभागाचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे 7.2 लिटर. रिटर्नचं नोझल अडीच सेंटिमीटर बुडालेलं आहे, म्हणजे 18 लिटर उलटं येणार. पाइप आणि ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं (मुख्य टाकीचं पाणी सम्पकडे उतरतं ते खोकं) चार-पाच लिटर. डबक्यातलं, दगडांची जागा वजा जाता, 25. एकूण 48 च्या आसपास. सम्प 90 बाय 40 बाय 40 चा, चालू असताना निम्मा भरलेला, म्हणजे 72 लिटर रिकामा. पुरून उरतं.

खरी मेख दुसरीकडे होती, आणि भरती-ओहोटी कुणी का करत नाही याचं उत्तरही तिथेच. प्रत्येक रीफ टाकीत आपोआप पाणी भरणारं यंत्र असतं. बाष्पीभवनाने सम्पची पातळी उतरली की ते गोडं पाणी सोडतं, कारण उडून जातं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. इथे भरती आली की सम्पमधलं 25 लिटर पाणी वर डबक्यात जातं. सेन्सरला वाटतं पाणी उडालं. तो 25 लिटर गोडं पाणी ओततो. एकूण 400 लिटरची व्यवस्था 425 ची होते आणि क्षारता हजारी 35 वरून 33 च्या खाली येते. वर ओहोटीला सम्प फुगतो तो वेगळाच.

हे कागदावरच दिसलं, म्हणून उपाय साधा ठरला: पाणी भरणाऱ्या यंत्राला वीज मिळते ती फक्त पूर्ण ओहोटीच्या वेळी, अर्धा तास. डबकं तेव्हा रोज त्याच पातळीला असतं, त्यामुळे सम्पमध्ये जी तूट दिसते ती खरोखरच्या बाष्पीभवनाची. या अर्ध्या तासाची चावी पंपाच्याच प्रोग्राममध्ये आहे. वेगळा टायमर लावला असता तर तो काही दिवसांतच चुकला असता, कारण भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते.

आजींनी मुलाला दुसरी दुरुस्ती सुचवली. प्रोग्राममध्ये रोज सारखीच भरती होती. ‘अमावास्येक उधाण नको?’ एवढंच विचारलं. आता अमावास्या-पौर्णिमेला पाणी फटीच्या माथ्यापर्यंत जातं आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, जेमतेम अर्ध्यावर फिरतं. वेळ तपासायला आजी घड्याळाआधी कालनिर्णय बघतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब. पंचमी असेल तर पावणेचार.

दगड

आजींना गावचा जांभा हवा होता. जांभा पाण्यात झिजतो, लाल गाळ सोडतो. या टाकीत नको म्हटलं. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट घट्ट आणि जड. ज्या छिद्रांत अमोनिया खाणारे जीवाणू वस्ती करतात, ती त्यात फारशी नसतात. शेवटी दगड घडवलेच. पांढरं सिमेंट, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ. ओल्या वाळूत हाताने खळगे करून त्यात हे मिश्रण ओतायचं. जांभ्याचा रंग यावा म्हणून जुन्या घरांतल्या लाल कोब्याला घालत तो रेड ऑक्साइड चिमूट-चिमूट. मिश्रण घट्ट झालं की मीठ विरघळून जातं आणि आत भोकं राहतात.

नवं सिमेंट पाण्याचा पीएच भसकन वर नेतं. हे दगड गच्चीवरच्या ड्रममध्ये, पाणी बदलत, काही आठवडे बुडवून ठेवले आणि ड्रममधल्या पाण्याचा पीएच साध्या पाण्याइतका स्थिरावल्यावरच खाली आणले. मुख्य टाकीत एक लांब कपार पुढे काढली आहे, खालून पोकळ, आत फायबरच्या सळ्या. जवळून बघितलं तर दगडावर भागीदाराच्या बोटांचे ठसे दिसतात. खऱ्या खडपावर कालवांच्या वाट्या असतात, इथे हे. कधीतरी जांभळं कोरलाइन शेवाळ येऊन ते बुजवेल.

पुण्याचं पाणी, पुण्याची हवा

नळाला खडकवासल्याचं पाणी, उन्हाळ्यात सोसायटीत टँकर, मध्येच बोअरचं मिश्रण. एकाही आठवड्यात तेच पाणी नाही. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे डीआयचा (उरलेसुरले क्षार काढण्याचा) टप्पा, यात तडजोड नाही. गुरुवारी पाणी बंद असायची शक्यता धरून 40 लिटरचा तयार साठा कायम ठेवलेला असतो. आरओचं फेकलं जाणारं पाणी कामाच्या मावशी फरशीला वापरतात.

उन्हाळ्याची भीती मालकांना फार होती. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यायचाच असं त्यांनी ठरवलं होतं. पण एप्रिल-मेमधलं पुणं तापतं ते कोरडं. कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावला की काम होतं: एक लिटर पाणी उडालं तर या टाकीचं तापमान आदर्श हिशेबात दीड अंशाने उतरायला हवं. प्रत्यक्षात कमी उतरतं, पण पुरतं. मुंबईच्या दमट मे महिन्यात हा उपाय लंगडा पडतो. पावसाळ्यात इथेही हवा दमट होते, पण तेव्हा उकाडाच नसतो. डबक्याचा उघडा पृष्ठभागही इथे कामी आला. चिलरचे पैसे वाचले ते इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत घातले, कारण वीज गेल्यावर मासे उकाड्याआधी प्राणवायूअभावी मरतात. बॅटरीवर फक्त एक वेव्हमेकर चालतो. भरती थांबली तरी चालेल. थंडीत पहाटे पारा दहा-बाराला येतो, तेव्हा हीटर लागतोच. हे गिऱ्हाइकांना सांगितलं की ती हसतात.

कोण राहतं

मुख्य टाकीत हॅचरीतल्या ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक वॉचमन गोबी आणि त्याच्या बिळात राहणारी पिस्तूल कोळंबी. कोळंबी जवळजवळ आंधळी. ती खणते, मासा पहारा देतो, आणि खणताना तिची एक मिशी कायम त्याच्या शेपटीला टेकलेली असते. कपारीवर दोन लेदर, खाली मशरूम. डबक्यात कॉलर्पा शेवाळ, टर्बो शंख आणि हर्मिट खेकडे.

झोअँथिड, म्हणजे प्रवाळांच्या जवळचे छोटे समुद्री जीव, मात्र कुठेच ठेवले नाहीत. दिसायला रंगीत, टिकाऊ, स्वस्त, आणि खडपाला अगदी शोभले असते. पण त्यांच्यातल्या काहींत, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. दगड गरम पाण्याने धुतला आणि वाफ श्वासात गेली, तरी माणूस दवाखान्यात पोचू शकतो. या घरातला नातू आठ वर्षांचा आहे आणि उघडं डबकं म्हणजे हात घालायचं आमंत्रण. मालकांना हे पटायला वेळ लागला, आजींना लागला नाही.

आजची स्थिती

सुरुवातीला तपकिरी डायटम, मग हिरवं केसाळ शेवाळ. नव्या टाकीला ते चुकत नाही. डबक्यावर 6500 केल्व्हिनचा पांढरा दिवा आहे, त्यामुळे तिथे शेवाळ जरा जास्तच माजलं. दिव्याचे तास कमी करून आणि शंख वाढवून ते आटोक्यात आणलं. निळा प्रकाश फक्त खाली, संध्याकाळी. मालकांचा तेवढा हट्ट राहिला.

आवाजाची अट पूर्ण पाळता आली नाही. गंमत म्हणजे भरतीला, पाणी जास्त असताना, फटीतून ते सलग पडदा होऊन दगडावरून घरंगळतं आणि काही ऐकू येत नाही. ओहोटीला धार तुटते आणि टपटप सुरू होते, रात्री जास्तच. फटीच्या खालच्या टोकाला काचेची एक तिरपी पट्टी चिकटवली, ती दगडाला टेकवली, तेव्हा बरीचशी थांबली. ओहोटीलाही पंप अगदी हळू का होईना चालू ठेवतो, म्हणजे धार तुटत नाही.

फटीच्या कडांवर मिठाची पांढरी कड चढते. दर रविवारी जुना टूथब्रश आणि ओलं फडकं घेऊन ती साफ करावी लागते. हे काम नातवाने स्वतःकडे घेतलंय. कपाटाचं मरीन प्लाय अजून ठीक आहे, पण बिजागऱ्यांना पहिल्याच पावसाळ्यात गंज दिसला. त्या आता स्टेनलेसच्या 316 ग्रेडच्या बसवल्यात.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो. काचेला लागले त्याहून जास्त पैसे लोखंडी स्टँड, पावडर कोटिंग, वायरिंग आणि बॅटरी या न दिसणाऱ्या गोष्टींना लागले. बाणेरच्या एका ऑफिससाठी हीच टाकी करून द्या, अशी विचारणा परवा आली. रविवारी फट कोण घासणार, हे मी आधी विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही, त्यामुळे कोटेशनही पाठवलेलं नाही.